पहिलं चार्जिंग

बन्सी हिवराळे यांच्या घरात माठाशेजारी ॲसिडची बाटली ठेवलेली होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी डकवली होती : ‘पाणी नव्हे.’ ती वाचायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पण बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढलेल्या माणसाला बिनचिठ्ठीची बाटली दिसली की अस्वस्थ व्हायला होतं. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ तर होतंच. पारूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “माझ्या कपाळावर पण डकवा एक. बायको म्हणून.” पारूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर चिठ्ठ्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

ॲसिड माठाशेजारी ठेवण्यामागं शास्त्र होतं. बॅटरीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की भरताना ॲसिडचं तापमान तीस अंशांच्या आत असावं. मे महिन्यात बजाजनगरात तीस अंशांच्या आत असलेली एकच जागा होती, ती म्हणजे माठाचा कोपरा. तेव्हा ओलं फडकं गुंडाळून ॲसिड तिथं दोन दिवस पाहुण्यासारखं राहिलं होतं.

बॅटरी मोटरसायकलची. गाडी चौदा वर्षांची, त्यातली शेवटची दोन जिन्याखाली उभी राहून काढलेली. किकचे दाते झिजलेले. किक मारली की ती सभ्य माणसासारखी मान खाली घालायची आणि काही करायची नाही. सेल्फशिवाय गाडीला गती नव्हती आणि बॅटरीशिवाय सेल्फला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या शिवराजनं कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला आणि एक बॅटरी पुढं सरकवली.

“काका, ही सील पॅक घ्या. लावा अन् विसरून जा. ना ॲसिड, ना पाणी.”

“ती कोरडी दाखव. ॲसिड भरायची.”

“ती आता कोण घेतंय? तिचा लई लाड करावा लागतो. महिन्याला पाणी बघा, टर्मिनल पुसा, कुठं पांढरं धरलं ते बघा.”

“मला येळ आहे.”

शिवराजनं फळीवरच्या मागच्या खोक्यावर फुंकर मारली. त्यातून निघालेल्या धुळीवरून अशी गिऱ्हाइकं किती वर्षांनी येतात याचा अंदाज येत होता. “बरं मग. ॲसिड टाका, अर्धा तास ठिवा अन् लावा गाडीला. रस्त्यानं होत जाती चार्ज.”

“पुस्तिकेत पहिलं चार्जिंग दहा तास लिहिलंय. अर्ध्या अँपिअरवर.”

“पुस्तिका कंपनीवाले लिहितेत. त्यायला कुठं गाडीवर जायचं असतंय?”

“पहिलं चार्जिंग अर्धवट झालं तर बॅटरी जन्मभर अर्धवट राहती, शिवराज.”

“अन् पुरं केलं तर?”

“पाच वर्षं बघायला नको.”

“पाच!” शिवराजनं हात जोडले. “करा, काका. तुमची बॅटरी, तुमची मर्जी.”

दोन वर्षं न लागलेली गाडी बन्सींना आत्ताच का लागली, हे शिवराजनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगण्यासारखं नव्हतं. विशाखाचा, म्हणजे पुण्याच्या मुलीचा फोन आला होता : “बाबा, सोमवारी येते. सहज. एका दिवसासाठी.” पहाटे चारची बस धरून यायचं, संध्याकाळच्या बसनं परत जायचं आणि याला म्हणायचं सहज. बन्सींनी ‘ये’ म्हटलं. मग त्यांनी बरोबर एका वाक्याची तयारी सुरू केली.

ते वाक्य असं होतं : मला इथं करमत नाही.

चार शब्द. गेल्या दोन वर्षांत ते फोनवर कितीदा ओठांवर येऊन परत गेले होते. विशाखाचा फोन रात्री साडेआठला यायचा. तो तिकडं स्पीकरवर असायचा; मागून जावई सम्यक ‘जय भीम, बाबा’ म्हणायचा, नात प्रेरणा काहीतरी मागत रडायची, कुकरची शिटी व्हायची. “कसे आहात?” असं त्या सगळ्यांच्या वतीनं विचारलं जायचं आणि बन्सी त्या सगळ्यांना मिळून सांगायचे, “मजेत.” भरल्या वर्गात एखाद्यानं उभं राहून आपली व्यथा सांगावी, तसं ते झालं असतं.

समोरासमोर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडाकडं तोंड करून बोलायची या घरात पद्धत नव्हती. जे काही महत्त्वाचं, ते मोटरसायकलवर बोललं जायचं. बाप पुढं, लेक मागं. दोघांची तोंडं एकाच दिशेला, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही आणि वाऱ्यानं निम्मा संकोच उडून जातो. विशाखानं बारावीला गणितात किती पडले ते गोलवाडीच्या पुलावर सांगितलं होतं. पारूबाईंचा रिपोर्ट काय आला, ते बन्सींनी तिला सांगितलं ते याच रस्त्यावर, गाडीचा वेग मुद्दाम कमी न करता. आणि सम्यकचं नाव पहिल्यांदा निघालं ते छावणीच्या चढावर. बन्सींनी विचारलं, “करतो काय?” ती म्हणाली, “इंजिनिअर आहे.” बन्सींनी गिअर टाकला. लग्न ठरलं ते असं, तिसऱ्या गिअरमध्ये.

तेव्हा वाक्य सांगायचं तर गाडी हवी, आणि गाडीला बॅटरी.

बेत साधा होता. रविवारी संध्याकाळी ॲसिड भरायचं, रात्रभर चार्जिंग, सोमवारी सकाळी गाडी तयार. पण रविवारी सातला धुळीचं वावधान सुटलं, गल्लीतल्या डीपीवर काहीतरी मोठ्यानं फुटलं आणि लाइट गेली ती सोमवारी सकाळी साडेसातला आली. ॲसिड भरून बॅटरी तशीच ठेवायची नाही, असं पुस्तिकेत जाड अक्षरांत होतं, म्हणून बन्सींनी रात्र काही न करता काढली.

लाइट आल्याबरोबर ते कामाला लागले. गॅलरीत स्टूल मांडलं, जुना पेपर अंथरला, सोड्याचं पाणी हाताशी ठेवलं, हातमोजे चढवले. बॅटरीच्या नळीवरचं लाल टोपण कापलं. ते तसंच राहिलं तर आतल्या वायूला जागा मिळत नाही आणि बॅटरी फुगते. मग सहा कप्प्यांची सहा झाकणं काढून, एका ओळीत, ज्या कप्प्याचं झाकण त्या कप्प्यासमोर ठेवलं. नरसाळ्यानं एकेका कप्प्यात ॲसिड सोडलं, वरच्या रेघेपर्यंत. रेघेच्या वर थेंब नाही. कोरड्या प्लेटा ॲसिड पिऊ लागल्या. बारीक चुरचुर आवाज यायला लागला. त्या घरात सकाळी इतर कुणाचा आवाज व्हायची पद्धत नसल्यानं बन्सी वाकून बराच वेळ ऐकत राहिले.

तासभर मुरू द्यायचं. मग खाली गेलेली पातळी ॲसिडनंच भरून घ्यायची आणि उरलेली बाटली परत माठाशेजारी ठेवायची. मग चार्जर. नऊ वाजता त्यांनी लाल चिमटा लाल टोकाला लावला, काळा काळ्याला, आणि एक जुनी कोरी प्रयोगवही उघडून लिहिलं : ‘उद्देश – नव्या बॅटरीचे प्रथम चार्जिंग. प्रारंभ ९.००.’ दहा तास म्हणजे संध्याकाळचे सात. विशाखाची बस मोठ्या स्टँडवरून सहाला.

हे गणित त्यांना समजत नव्हतं असं नाही. त्यांनी शिवराजला फोन केला.

“एक अँपिअरनं मारा की, काका. पाच तासात फुल्ल!”

“प्लेटा गरम होतेत.”

“मंग तशीच लावा.”

“तसं नाय चालत.”

“मंग मला कशाला फोन केलाव?” शिवराजनं अत्यंत रास्त प्रश्न विचारला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात विशाखा आली. बस फाट्यावर थांबते, तिथून चालत. लेकीला फाट्यावर घ्यायला जायचं, तर बाप गॅलरीत हातमोजे घालून उभा.

“अहो बाबा, हे काय?”

“जय भीम. बॅटरी. माठाकडं जाऊ नको.”

“पाणी पिऊ नको?”

“पी. पण चिठ्ठी वाचून पी.”

तिनं बॅग ठेवली, चिठ्ठी वाचली, पाणी प्यायली आणि घरभर नजर फिरवली. पहिली चूक चार्जिंगच्या वेळेची; इथं बन्सींची दुसरी चूक उघडी पडली. कॉलेजात दर काही वर्षांनी तपासणीला समिती यायची. समिती येणार म्हटलं की प्रयोगशाळेचं काय होतं हे त्यांना बत्तीस वर्षांत पक्कं माहीत झालं होतं : फुटकं काचसामान आत, नवं बाहेर, बंद पंख्याला तेल, आणि कधी न वापरलेल्या सूक्ष्मदर्शकाजवळ कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा उघडा कागद. विशाखा येणार म्हटल्यावर हात आपोआप चालले. एरवी एक खुर्ची वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला दिलेली असायची, ती मोकळी झाली. फ्रिजमध्ये चार दिवसांचं वरण असायचं, तिथं चार भाज्या आल्या. वाचनालयातून तीन पुस्तकं आणून, त्यातल्या एकात मध्यावर खूण घालून, टेबलावर ठेवली गेली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या काचा लखलखत होत्या. आपल्याला नापास व्हायचंय, हे समितीची तयारी करताना बन्सी साफ विसरले.

“छान ठेवलंय हो घर,” विशाखा म्हणाली. तिच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं. “आमच्यापेक्षा बरं आहे.”

“येळ जातो,” बन्सी म्हणाले.

एक गोष्ट मात्र लपवायची राहिली होती. चहाचं भांडं. एका कपाचं. मोठं भांडं दोन वर्षांत कुठं गेलं ते सापडेना, म्हणून बन्सींनी चहा दोनदा केला. आधी तिचा, मग स्वतःचा. त्यांचा होईपर्यंत तिचा पिऊन झाला होता. तिच्या ते ध्यानात आलं नसावं. बहुधा ती तेव्हा पुस्तकातली खूण बघत होती.

“उदबत्ती लावते,” ती तसबिरींकडं जात म्हणाली.

“गॅलरीचं दार लावून घे आधी. हायड्रोजन निघतोय.”

दार लागलं. बन्सी बाहेर राहिले, ती आत. दिवसाचा बराचसा भाग असाच गेला.

दर तासाला ते काचेच्या नळीनं कप्प्याकप्प्यातलं ॲसिड ओढून त्याची घनता बघत, आतली तरंगती दांडी किती वर येते ते वाचत आणि वहीत टिपत. दहाला बाराशे पन्नास. अकराला पंचावन्न. तिसरा कप्पा मागं होता. प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच. मधल्या वेळात विशाखा दार किलकिलं करून विचारायची.

“झाली का?”

“तिसरा जरा मठ्ठ आहे.”

“आत येऊन बसा ना. ती काय पळून जातेय?”

“करंट बघावा लागतो.”

करंट बघावा लागत नव्हता. चार्जर चांगला होता, काटा अर्ध्यावर दगडासारखा स्थिर होता. पण आत जाऊन बसायचं म्हणजे समोरासमोर बसायचं. ती विचारणार, कसे आहात. आणि उत्तर तर ठरलेलं होतं. एकदा ते तोंडातून गेलं की मग गाडीवर वेगळं उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं? म्हणून ते गॅलरीत, बेचाळीस अंशांत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन अर्ध्या अँपिअरवर पहारा देत राहिले.

दुपारी तिनं पिठलं टाकलं आणि दोघं जेवले. जेवताना बोलणं बॅटरीवरच चाललं, कारण तो एकच विषय दोघांच्या मध्ये उपलब्ध होता.

“पण एवढी मेहनत कशाला? सम्यकच्या गाडीची त्यानं दहा मिनिटांत बदलली.”

“अशी केली की पाच वर्षं टिकती.”

“पाच?” तिनं ताटातून वर बघितलं.

“नीट निगा राखली तर साडेपाच.” मुलीशी बोलताना अतिशयोक्ती झाली असं वाटून त्यांनी भर घातली, “पाच तर धरूनच चाल.”

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, “म्हणजे गाडी फिरवायचा विचार आहे तुमचा. भरपूर.”

“आता घेतलीय म्हटल्यावर.”

“बरं आहे,” ती म्हणाली. बन्सींना वाटलं, पिठल्याबद्दल.

जेवणानंतर ते दोनचं निरीक्षण घ्यायला गॅलरीत गेले. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. भांड्यांचा आवाज थांबला आणि तिचा आवाज सुरू झाला, हळू, फोनवर बोलतो तसा.

“ऐक ना सम्यक. दोन बेडरूमचाच फ्लॅट घे... हो, तो पहिला. तिसरी खोली कशाला मग?... नाही, विचारलं नाही मी. विचारायचं काय, घर एकदम टकाटक ठेवलंय. पुस्तकं वाचतायत, गाडी काढतायत. पाच वर्षांची बॅटरी करतायत अरे... हो ना. मीच म्हणत होते की ते तिकडं झुरत असतील. उलट मी चला म्हटलं तर नको कसं म्हणायचं म्हणून येतील बिचारे... संध्याकाळपर्यंत कळव एजंटला. हो.”

बन्सींच्या हातात काचेची नळी होती. ती चौथ्या कप्प्यावर धरलेली तशीच राहिली. ॲसिडचा एक थेंब टोकाशी गोळा झाला, पडला आणि पेपरावर एक तपकिरी भोक पडलं. त्यांनी त्यावर सवयीनं सोड्याचं पाणी टाकलं. फेस आला, बसला.

आत जायला सहा पावलं लागली असती. दार उघडायचं आणि म्हणायचं. ते दारापर्यंत गेलेही. विशाखा ओट्याकडं पाठ करून उभी होती. म्हणजे तोंड दाराकडं. बन्सी म्हणाले, “तिसरा आला वर. बाराशे बासष्ट.”

“अरे वा,” ती म्हणाली.

ते परत जाऊन स्टुलाशेजारी बसले. वहीत ‘२.००’ लिहिलं आणि पुढचे रकाने मोकळे सोडले. बत्तीस वर्षांत मुलांच्या वह्यांतले असे मोकळे रकाने त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केले होते.

साडेचारला त्यांनी चार्जरचं बटण बंद केलं.

पहिलं चार्जिंग साडेसात तासांवर तोडलं. आयुष्यात कुठलीही कृती त्यांनी मध्येच सोडलेली नव्हती. तरी हात चुकले नाहीत. झाकणं लावली, ज्याची त्याला. बाहेरून पुसून घेतलं. बॅटरी उचलून जिन्याखाली नेली, खणात बसवली, वायूची नळी खाली काढली, कुठं चेमटली नाही ना ते बघितलं. आधी लाल, मग काळं. बटण दाबलं. गाडीनं एक खोकला काढला, दुसरा काढला आणि ती चालू झाली. गल्लीत निळा धूर झाला. शिवराज कोपऱ्यावरून ओरडला, “आ गयी क्या जान, काका!”

आवाज ऐकून विशाखा खाली आली. “अडीच तास राहिले होते ना?”

“राहिले. बॅग आण. स्टँडवर सोडतो.”

“स्टँडवर कशाला? बस इथूनच जाते. मी फाट्यावर चढते. तुमची बॅटरी पण होईल पुरी.”

“तुझी सीट रिझर्व्ह आहे. मधूनच चढलं की कुणीतरी बसलेलं असतं. मग भांडणं.”

“बाबा, पंधरा किलोमीटर उलटं जायचं आणि त्याच बसनं पंधरा किलोमीटर परत याच फाट्यावर यायचं?”

“हां.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. पण त्यांचं तोंड टाकीकडं होतं. तिनं पारूबाईंचं हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं आणि मागं बसली.

फाटा पाच मिनिटांवर होता आणि पाच मिनिटांत बन्सींचा गळाही साफ झाला नसता. मोठ्या स्टँडपर्यंत मात्र पाऊण तास होता. त्यांनी जागा ठरवली : गोलवाडीचा पूल. जुनी, खात्रीची जागा. पूल आला. पुढं उसाचा ट्रॅक्टर नव्हता, मागं कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. न बोलायला एकही कारण नव्हतं. पूल संपला.

मग छावणी. चढावर त्यांनी तिसरा गिअर टाकला आणि तोंड उघडलं. आणि नेमकी तेव्हाच ती मागून बोलली.

“बाबा, एक सांगू? मला बरं वाटलं आज. तुम्हाला असं बघून. रमलात तुम्ही.”

हेल्मेटमधून प्रत्येक शब्द स्वच्छ आला. समितीचा अहवाल आला होता : उत्तम. आता त्यावर ‘मला करमत नाही’ म्हणणं म्हणजे पहिला नंबर आल्यावर पेपर परत मागण्यासारखं होतं.

“हं,” बन्सी म्हणाले.

नगर नाका गेला. बाबा पेट्रोल पंपाचा सिग्नल लाल होता. साठ आकडे उलटे मोजले गेले आणि हिरवा झाला. स्टँड आलं.

बस लागलेली होती. रिझर्व्ह सीटवर कुणीही बसलेलं नव्हतं. विशाखा आत जाऊन खिडकीशी बसली, बन्सी खाली उभे राहिले. खिडकी उंच असते. खालून माणसाला हनुवटी आणि कोपर दिसतं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, सगळी बस थरथरायला लागली, आणि बन्सींना अचानक जाणवलं की आपण मागच्या चाकाकडं बघतोय, ती पलीकडं बघतेय आणि इंजिनाचा आवाज आहे.

“विशाखा,” ते चाकाला म्हणाले. “मला इथं करमत नाही.”

कोपर हललं. मग खिडकीतून तिचा सगळा चेहरा बाहेर आला, आणि आता त्यांना वर बघावंच लागलं.

“मग ती बॅटरी?”

“तुला सोडायला आणली.”

“सोडायला फाटा होता की.”

“पाच मिनटांचा रस्ता आहे तो. त्यात काय बोलणार?”

“सकाळपासून घरात होते ना मी!” ती जवळजवळ ओरडली. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. “नऊपासून! का नाही बोललात?”

“चार्जिंग चालू होतं,” बन्सी म्हणाले.

कंडक्टरनं दोरी ओढली. बस मागं सरकली, वळली, आणि विशाखाची खिडकी पलीकडच्या बाजूला गेली.

ते पार्किंगमध्ये येऊन गाडीवर बसले. चालू केली नाही. सुटलेली बस आता नगर नाक्यावरून, छावणीवरून त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी जाणार होती. तिच्या मागं मागं जाण्यात काही अर्थ नव्हता आणि आधी पोचण्यात तर नव्हताच. दोन पोलीस, एक शेंगावाला, पैठणच्या गाडीला धावणारं एक कुटुंब. सगळ्यांना कुठंतरी पोचायचं होतं.

दहा मिनिटांनी फोन वाजला. या खेपेला स्पीकर नव्हता. नुसता बसचा घरघराट आणि ती.

“कुठं आहात?”

“स्टँडवरच.”

“गाडी चालू होत नाही का?”

“होईल. बसलोय.”

“सम्यक फोन उचलत नाहीये. मीटिंगमध्ये असेल. मी मेसेज टाकलाय, एजंटला काही कळवू नको म्हणून. आता त्यानं आधीच कळवलं असलं, तर माहीत नाही मला.”

“असू दे.”

“असू दे काय, बाबा.” मग तिनं आवाज खाली आणला; शेजारी कुणी बसलं असावं. “करमत नाही म्हणजे किती करमत नाही?”

बन्सींनी प्रश्नाचा नीट विचार केला. मोघम उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी मुलांच्या अनेक पिढ्यांना सांगितलं होतं. ॲसिडला नळी होती, तापमानाला काच होती. त्यांनी हाताशी जी काही निरीक्षणं होती ती मनातल्या मनात चाळली, त्यातली बरीचशी सांगण्यालायक नव्हती, आणि एक निवडलं.

“तू पहाटे चारला बस धरलीस ना?”

“हो.”

“मी चारपासून गॅलरीत उभा होतो. लाइट नव्हती. दिसत काही नव्हतं. तरी.”

पलीकडून एकदा गिअर पडल्याचा आवाज आला, एकदा कंडक्टर कुणाला तरी सुटे मागत होता.

“घरी पोचल्यावर फोन करा,” ती शेवटी म्हणाली. “मी जागी आहे.”

“सव्वासहा वाजलेत, विशाखा. जागी असणारच.”

“तरी,” ती म्हणाली.